डाव्या डोळ्याखालचा पट्टा

खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक मोबाईल माझ्यापुढे धरतं आणि विचारतं, "मॅडम, याचा अर्थ काय होतो?" हात त्याचा, चित्र त्यानेच शोधलेलं, आणि अर्थ मी सांगायचा. हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. पण तसं तोंडावर म्हणायची माझी छाती नाही. मी आठवीतून शाळा सोडलेली, आणि समोरचं माणूस बहुतेक वेळा बारावी तरी झालेलं असतं. म्हणून मी फाईल उघडते आणि वाचून दाखवते.

ती फाईल ताईंनी करायला लावली. ताई म्हणजे केडगावात पुणे रस्त्यालगत जे ब्यूटी पार्लर आहे, त्याच्या मालकीण. पुढे भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप. मागे पडदा, आणि पडद्यामागे माझी टॅटूची खुर्ची. मी मूळची गोंदियाकडची. भाऊजी इथल्या एमआयडीसीत कामाला होते, म्हणून बहिणीच्या पाठोपाठ आले. भाऊजींचं काम सुटलं आणि ती दोघं गावी परत गेली. मी मात्र राहिले, कारण ताईंनी पार्लरमागची खोली दिली, आणि मेंदी बरी काढते म्हणून पुण्याला टॅटू शिकायलाही पाठवलं. सख्खी बहीण करणार नाही एवढं त्या बाईने माझ्यासाठी केलं. त्यामुळे रोज सकाळी शटर वर करताना एकच मनात येतं. आज हातून काही चुकलं आणि ताई म्हणाल्या, जा बाई तू आता, तर मी जायचं कुठे?

फाईलमध्ये प्लॅस्टिकच्या कागदात चित्रं आहेत आणि प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात अर्थ. आडवा आठ म्हणजे कधीही न संपणारं प्रेम. तो काढून घेतलेली माणसं दोन वर्षांत त्यावर गुलाब काढून झाकायला येतात, हे मी लिहिलेलं नाही. पीस आणि त्यातून उडणारे पक्षी म्हणजे स्वातंत्र्य. मुकुट घातलेला सिंह म्हणजे राजा माणूस, आणि हा राजा माणूस सुई लागली की "मॅडम, हळू" म्हणून माझं मनगट धरतो. त्रिशूळ-डमरू श्रावणात जास्त. हृदयाच्या ठोक्यांची वरखाली रेघ आणि तिच्यातून निघालेली "आई" ही अक्षरं बारमाही. फुलपाखराचा अर्थ मी तीनदा खोडून लिहिला. मोबाईलवर एका ठिकाणी नवा जन्म, दुसरीकडे चंचल मन, तिसरीकडे मेलेल्या माणसाचा आत्मा. एका पोरीच्या खांद्यावर मी नवा जन्म म्हणून फुलपाखरू काढलं. चार दिवसांनी ती आली ती भांडतच, की तिच्या मैत्रिणीने आत्मा सांगितला. आता मी काय करायचं होतं?

एकदा कॉलेजातल्या मुलीने मनगटावर अर्धविराम मागितला. नुसता एक ठिपका आणि खाली शेपटीचा ठिपका. मला वाटलं, गंमत करते. ती म्हणाली, वाक्य इथे संपवता आलं असतं, पण मी संपवलं नाही, असा त्याचा अर्थ. मी तिचं मनगट पुसलं आणि दोन्ही ठिपके काढले. शाळेत हे चिन्ह मला कधी नीट कळलं नव्हतं. तेवढा एक अर्थ मात्र मी फाईलमध्ये न बघता सांगू शकते.

माझी आई गोंदायची. मशीन कुठलं, चार सुया दोऱ्याने बांधलेल्या आणि वाटीत काजळी. आठवडी बाजारात, जत्रेत गोणपाट टाकून बसायची. बाया येऊन हात पुढे करायच्या. तुळस काढ, विंचू काढ, सीतेची रसोई काढ. अर्थ कुणी विचारला नाही, कारण तो घेऊनच बाया यायच्या. मेल्यावर सगळे दागिने काढून घेतात, हा एक तेवढा अंगावर राहतो, इतकं सगळ्यांना ठाऊक असायचं. आई फक्त एक विचारायची, "कोणत्या हातावर?" आणि तो हात आपल्या मांडीवर ओढून घ्यायची. तिची सुई कुठे चुकली असं मला आठवत नाही. चुकली असती तरी ठिपक्यांच्या विंचवाचं काय बिघडणार होतं म्हणा. माझं तसं नाही. आता लोकांना फोटो हवा असतो, हुबेहूब.

तर ही गोष्ट हुबेहूब फोटोचीच आहे.

मागच्या हिवाळ्यात पारनेरकडचे बापलेक आले. मुलगा पस्तिशीचा, पुण्यात नोकरीला, कडक इस्त्रीचा शर्ट. बाप सत्तरीचा, धोतर, टोपी, आणि कोपरापाशी जत्रेत गोंदलेला मारुती. इतक्या वर्षांत तो मारुती पसरून निळा डाग झाला होता. गदेवरून ओळखायचा. मला वाटलं, टॅटू मुलाला काढायचाय आणि बाप सोबत आलाय. तर उलटंच. टॅटू बापाला हवा होता.

त्यांचा बैल महिन्याभरापूर्वी गेला होता. शर्यतीचा बैल, वासरू असल्यापासून म्हाताऱ्याच्या हातचा. म्हाताऱ्याने खाणं कमी केलं, गोठ्यातच बसून राहायला लागला, असं मुलगा मला पडद्यापाशी हळू आवाजात सांगत होता. मग एक दिवस म्हातारा आपण होऊन म्हणाला की मला तो हातावर गोंदून पाहिजे. मुलाला वाटलं, एवढ्याने माणूस जेवायला लागला तर काय वाईट.

"नाना, मॅडमना दाखवा कुठं काढायचाय."

म्हाताऱ्याने डावा हात पुढे केला, मनगटाच्या वरची आतली बाजू. "हितं. मला बसल्या जागी दिसला पायजे."

मग मुलाने मोबाईल काढला. बैल जिंकला तेव्हा गावात फ्लेक्स लागला होता, त्यातला बैलाचा फोटो त्याने कापून आणला होता. मूळ फोटो ज्या मोबाईलमध्ये होता तो विहिरीत पडला, म्हणून आता हाच. सरळ समोरून घेतलेलं बैलाचं तोंड, गडद करड्या रंगाचं, आणि एका डोळ्याखालून नाकपुडीपर्यंत ओघळल्यासारखा पांढरा पट्टा. शेजारी कासरा धरून मुलगा स्वतः उभा. फोटो स्पष्ट होता. मला बरं वाटलं.

मुलाचं मात्र तेवढ्यावर भागेना. वर मुकुट पाहिजे, खाली ठोक्यांची रेघ पाहिजे, आणि रेघेच्या शेवटी आडवा आठ. फाईल चाळून तो एकेक अर्थ बापाला समजावून सांगत होता. राजा, जीव, कधी न संपणारं. म्हातारा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आरं, त्यानं जित्तेपणी टोपी घातली न्हाई, आता कशाला घालतो त्याला?"

ताई हसल्या. मीही हसले, आणि त्या हसण्यात एक विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

कारण फोटोत मला एक गोष्ट खुपली होती. मुलाच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूला होता. शर्टाचा खिसा डावीकडे असतो, हे सांगायला शाळा लागत नाही. समोर बसलेल्या त्याच मुलाच्या शर्टाचा खिसा डावीकडेच होता. मी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. विचारावं असं जिभेवर आलंही. पण तो पुण्यातला शिकलेला माणूस, शिवून घेतला असेल तसला शर्ट, हल्ली काहीही निघतं. आपण विचारायचं आणि त्याने हसून म्हणायचं, "मॅडम, फॅशन आहे ती." आधीच मी "हो जी, नाही जी" बोलते म्हणून इथली गिऱ्हाइकं हसतात. फुलपाखराच्या अर्थासाठी मोबाईलमध्ये अर्धा अर्धा दिवस डोकं घालणारी मी, एक साधा प्रश्न मला विचारता आला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी ठसा तयार केला. जांभळ्या कार्बनने चित्र कागदावर घ्यायचं, कागद कातडीवर दाबायचा, मग त्या रेघांवरून मशीन चालवायचं. मशीन लावायच्या आधी गिऱ्हाइकाची पसंती घ्यायची, हा ताईंचा नियम. आणि आमचं पडलं पार्लर. पडद्यामागेही तिन्ही भिंतींना आरसे. इथे भुवईपासून अंबाड्यापर्यंत सगळं माणूस आरशात बघूनच पसंत करतं. ताईंनी सवयीने म्हाताऱ्याची खुर्ची फिरवली आणि त्याचा हात आरशापुढे धरला.

"बघा बाबा, हाच ना?"

म्हाताऱ्याला लांबचं बरं दिसायचं, जवळचं चष्म्याशिवाय नाही, आणि चष्मा गाडीत राहिला होता. तो आरशात बघत राहिला. खालचा ओठ हलायला लागला. मग मान हलवून म्हणाला, "हाच."

मी कामाला लागले. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, सुई जरा खोल गेली की शाई पसरते, त्या मारुतीसारखी. मी जीव मुठीत धरून एकेक रेघ ओढत होते. अवघड भाग आधी उरकायचा ही माझी पद्धत, म्हणून डोळे आणि पट्ट्याची कड पहिल्यांदा केली. दुखत असेल तर सांगा जी, असं मी दर पाच मिनिटांनी म्हणत होते. म्हातारा म्हणाला, "पोरी, तूच घाबरतीस. मी कुटं काय म्हनतोय." मुलगा बाहेर पानाच्या टपरीवर जाऊन आला. येताना गाडीतला चष्मा घेऊन आला आणि बापाच्या नाकावर चढवला.

म्हाताऱ्याने मान खाली घालून हाताकडे बघितलं. मग हात जवळ आणला. मग लांब धरला.

"ह्यो आपला न्हाई," तो म्हणाला.

मुलाने विचारलं, काय झालं. म्हातारा पुन्हा तेच म्हणाला, शांतपणे. मशीन माझ्या हातात चालूच होतं, ते मी बंद केलं.

"आरं, पट्टा त्याच्या डाव्या डोळ्याखाली हुता. ह्याच्या उजव्या डोळ्याखाली हाय."

मुलगा म्हणाला, नाना, फोटो बघा की, फोटोत तसंच आहे. मॅडमनी फोटोवरूनच काढलाय. म्हातारा फोटो बघायला तयार नव्हता.

"मी काय फोटूसंगं हुतो व्हय? त्यो उजवीकडचा बैल. कायम उजवीकडंच जुपला. पट्टा आतल्या अंगाला, जोडीदाराकडं. लोकांना दिसायचाच न्हाई. दोघांच्या मधी मी उभा ऱ्हायचो, मला दिसायचा." त्याने बोट माझ्या ताज्या रेघेच्या वर, न लावता धरलं. "ह्यो डावीकडचा झाला. डावीकडचा गोठ्यात जित्ता हाय. त्याच्या जाग्यावर ह्याला कसा उभा करू मी?"

गेलेल्या बैलाला मी दुसऱ्याच्या जागेवर उभं केलं होतं, तेही असं की पाण्याने निघणार नाही, साबणाने निघणार नाही. माणूस मरेपर्यंत हातावर चुकीचा बैल. आणि मला दिसलं होतं. खिसा दिसला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी म्हटलं, मला पूर्ण फ्लेक्स दाखवा. मुलाने कुणाला तरी फोन करून तो मागवला. फ्लेक्सच्या मधोमध "अभिनंदन", आणि दोन्ही टोकांना तोच बैल, एक सुलटा, एक उलटा. दोन बैल कुठून आणणार, फ्लेक्सवाल्याने एकच फोटो उलटवून दुसऱ्या टोकाला लावला होता, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. अशी पद्धतच आहे. मुलाने कापताना नेमका उलटवलेला घेतला. आणि आरशात तो उलटा पुन्हा सुलटा झाला, म्हणून म्हातारा "हाच" म्हणाला. सगळ्यांचं सगळं बरोबर होतं आणि बैल चुकला.

आता मुलगा बापावरच चिडला. तुम्हीच पास केलं ना आरशात, मग आता काय. कुणाला कळणार आहे डावं-उजवं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी काही विचारायच्या आधी मीच बोलून टाकलं की फोटोतला खिसा मला उलटा दिसला होता आणि मी विचारलं नाही. का बोलले माहीत नाही. गप्प राहिले असते तर सगळं फ्लेक्सवाल्यावर गेलं असतं. ताईंचा चेहरा उतरला. "दिसलं होतं आणि बोलली नाहीस," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

म्हाताऱ्याने तोवर टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "निघंल का?" त्याने मला विचारलं.

निघत नाही, मी म्हटलं. पण मला आणखी एक दिसत होतं, आणि या वेळी मी ते बोलले. पांढरा पट्टा म्हणजे पांढरी शाई नव्हे. तिथे मी काहीच भरणार नव्हते, कातडीच मोकळी सोडणार होते. आत्तापर्यंत फक्त कड काढून झाली होती. चुकीच्या पट्ट्यात काळं भरलं तर कड त्यात बुडून जाईल, आणि डाव्या डोळ्याखाली नव्याने जागा मोकळी सोडता येईल. तोंड सरळ समोरून होतं, शिंगं सारखी होती, म्हणून जमण्यासारखं होतं. फक्त कड लपवायची तर सगळं तोंडच जास्त गडद करावं लागेल. तुमच्या बैलापेक्षा हा काळा होईल, मी म्हटलं, आणि दुखेल जी, एकाच जागी दोनदा सुई जाईल.

मुलगा म्हणाला, राहू द्या नाना, वर मुकुट काढून घेऊ, लोकांचं लक्ष तिकडं जाईल. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. अगदी आईकडे बाया ठेवायच्या तसा. "कर," म्हणाला.

मी ताईंना म्हटलं, आरशांवर काहीतरी टाका. मेकअपच्या वेळी नवरीच्या अंगावर टाकतो त्या चादरी त्यांनी तिन्ही भिंतींवर लावल्या. पुढे बसलेल्या दोन बायका भुवया अर्धवट सोडून बघायला आल्या, त्यांना त्यांनीच परतवलं. मी म्हाताऱ्याला सांगितलं, प्रत्येक रेघेआधी मी विचारणार, तुम्ही सांगायचं. डोळ्याचा कोपरा कसा होता? पट्टा कुठे रुंद होता? तो सांगत गेला. खाली आल्यावर पट्टा जरा वाकडा होतो, नाकपुडीपाशी संपत नाही, थोडा आत वळतो. हे फोटोत नव्हतंच, फ्लेक्सवाल्याने रंग वाढवताना खाऊन टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी फोटो बाजूला ठेवून टॅटू काढला.

काम संपलं तेव्हा हात सुजला होता. मुलगा म्हणाला, लई काळा झाला. म्हातारा म्हणाला, "पावसात भिजला का असाच दिसायचा." ताईंनी सवयीने एका आरशावरची चादर ओढायला हात घातला. म्हातारा खुर्चीतच भिंतीकडे पाठ करून बसला. "नगं. मला हितूनच दिसतो."

असं झालं म्हणजे सगळं नीट झालं, असं नाही. त्या रात्रीच मुलाने बापाच्या हाताचा फोटो टाकला, स्वतःसोबत, पुढच्या कॅमेऱ्याने. तो कॅमेरा उलटं करतो. पट्टा परत उजव्या डोळ्याखाली. खाली त्याने मुकुटाचं चिन्ह टाकलं होतं आणि आडवा आठही, आणि लोकांनी लाल बदाम. मी "दादा, फोटो उलटा आहे" असं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी पाठवलं. त्याने अंगठा पाठवला आणि फोटो तसाच ठेवला. तो अजूनही तसाच आहे. मला कधीकधी वाटतं, जाऊन त्याचा मोबाईलही विहिरीत टाकावा.

ताईंनी मला काढलं नाही. दोन दिवस कमी बोलल्या, तिसऱ्या दिवशी भाजी पाठवली. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही, आणि ही भीती कधी जाईल तेही कळत नाही. फाईलमध्ये बैलाचं पान लावू या असं त्या म्हणाल्या, खाली अर्थ लिही, ताकद, कष्ट, असं काहीतरी. मी पान लावलं. अर्थाची जागा अजून कोरी आहे.

महिन्याभराने म्हातारा एकटाच एसटीने आला. खपली निघून गेली होती. चष्मा आता दोरीने गळ्यात अडकवलेला. मी हात खिडकीपाशी नेऊन बघितला आणि मला ती दिसली. काळ्याच्या आत बुडालेली चुकीच्या पट्ट्याची कड. उजेड तिरका पडला की बारीक उंचवटा दिसतो, वळासारखा. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, पण मला माहीत आहे ती कुठे आहे. मी म्हटलं, बाबा, अजून एक हात मारते, ही रेघ पुरती जाईल.

त्याने अंगठा त्या जागेवरून फिरवला. त्यालाही माहीत होतं कुठे आहे ती.

"पुरं आता," तो म्हणाला. "त्यो बी सुई बघितली का पाय झाडायचा. डाक्टरला दोनदा पाडलाय त्यानं."

मग बाही खाली ओढून त्याने बटण लावलं आणि जेवलीस का म्हणून मला विचारलं. मी नाही जी म्हटलं. तो हसला नाही. पिशवीतून त्याने फडक्यात बांधलेली भाकरी काढली, दोन होत्या. एक माझ्यापुढे ठेवली आणि दुसरी तिथेच खुर्चीत बसून, आरशाकडे पाठ करून, खायला लागला.